तीन तबकड्यांची पेढी

व्यापारी घरांत जुनी पाटी सहसा कोणी फेकून देत नाही. पेढी बंद होते, भागीदार आपापल्या वाटेने जातात, दुकानाच्या जागी दुसऱ्याचा व्यवसाय उभा राहतो. तरीही रंग उडालेली ती लाकडी पाटी माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली असते. दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा वर जाते. घरातील लहान मुले विचारतात, ‘हे दुकान चालले नाही का?’ या प्रश्नाचे उत्तर वडीलधाऱ्यांना एका शब्दात देता येत नाही. दुकान चालले नाही, हे खरे. परंतु त्या दुकानात जे शिकले गेले, त्यावरच पुढची दोन घरे उभी राहिली, हेही तितकेच खरे असते.

अशीच एक पाटी लंडन शहरात १९७० साली लागली आणि १९७२ संपता संपता उतरली. ती कापडाच्या किंवा धान्याच्या दुकानाची नव्हती; ती सहा वादक-गायकांच्या वाद्यवृंदाची होती. वाद्यवृंदाचे नाव होते ‘हेड्स हँड्स अँड फीट’, म्हणजे डोकी, हात आणि पाय. कोणत्याही उद्योगाला लागणारे भांडवल याहून थोडक्यात क्वचितच सांगता येईल. पैसा नंतर येतो. आधी डोके, हात आणि पाय लागतात. या सहा जणांकडे तिन्ही भरपूर होते. तरीही पेढी जेमतेम अडीच-तीन वर्षे टिकली. तिची कथा, आणि तिच्या भागीदारांचे पुढे काय झाले ती कथा, कुटुंबाच्या बैठकीत बसून ऐकावी अशी आहे.

उसना सूर

हा वाद्यवृंद ज्या प्रकारचे संगीत करीत असे, त्याला ‘कंट्री रॉक’ म्हणतात. ‘कंट्री’ हे अमेरिकेच्या ग्रामीण भागातील संगीत. व्हायोलिन, बँजो, गिटार आणि साधी गाणी, अशी त्याची घडण. घर, शेत, रेल्वे, विरह, देवाची करुणा हे त्याचे विषय. त्यात ‘रॉक’ संगीताचा वेग आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा दणका मिसळला की कंट्री रॉक तयार होते. १९६८ साली ‘द बर्ड्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाने ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा या मिश्रणाला प्रतिष्ठा मिळू लागली.

परंतु लंडनच्या गल्ल्यांत वाढलेल्या मुलांना अमेरिकेच्या खेड्यांतील सूर कुठून मिळाला? त्याचे मूळ युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये आहे. रेशनिंगचे दिवस नुकतेच सरत होते आणि करमणुकीची साधने बेताची होती. रात्री ‘रेडिओ लक्झेम्बर्ग’ लावून तरुण मुले अमेरिकेची गाणी ऐकत. १९५६ साली लॉनी डोनेगन या गायकाचे ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे इंग्लंडमध्ये गाजले आणि घरोघरी ‘स्किफल’ची लाट आली. एक स्वस्तातली गिटार, कपडे घासण्याची नालीदार फळी आणि चहाच्या रिकाम्या लाकडी पेटीला काठी व दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य, एवढ्यावर वाद्यवृंद उभा राहत असे. ज्या मुलांच्या घरी संगीत शिकवणीची फी भरण्याची ऐपत नव्हती, त्यांनाही या लाटेने वादक केले. पुढील वीस वर्षांत ब्रिटिश संगीताने जगभर जो पैसा आणि कीर्ती मिळवली, तिचे बीभांडवल या चहाच्या पेट्यांत होते.

सहा भागीदार

डिसेंबर १९४३ मध्ये, एका आठवड्याच्या अंतराने, इंग्लंडमध्ये दोन मुले जन्मली. २१ तारखेला हेरफर्डशायर परगण्यातील लिंगेन या लहानशा गावी अल्बर्ट ली जन्मला. २८ तारखेला उत्तर लंडनमधील एडमंटन येथे चास हॉजेस जन्मला. अल्बर्टचे बालपण पुढे लंडनच्या ब्लॅकहीथ भागात गेले. वडील वादक होते. मुलाने प्रथम पियानो शिकला आणि बडी हॉली याची गाणी कानावर पडल्यावर गिटार हाती घेतली. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्याने वादन हाच व्यवसाय मानला. १९६४ ते १९६८ या काळात गायक क्रिस फार्लो यांच्या वाद्यवृंदात त्याने उमेदवारी केली.

चासच्या वडिलांचे छत्र फार लवकर हरपले. आई डेझी मद्यगृहांत पियानो वाजवून घर चालवीत असे. त्या काळच्या लंडनमध्ये कष्टकरी वस्तीतील मद्यगृह म्हणजे संध्याकाळी एकत्र जमून गाणी म्हणण्याची जागा होती, आणि पियानोवर बसलेली स्त्री त्या संध्याकाळचा आधार असे. चास मात्र प्रथम खर्जाच्या गिटारकडे वळला. ‘आउटलॉज’ या वाद्यवृंदात तो वाजवू लागला. जो मीक नावाचे ध्वनिमुद्रक लंडनच्या हॉलोवे रोडवर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, राहत्या घरातच ध्वनिमुद्रण करीत. आउटलॉज हे त्यांचे नेहमीचे साथीदार होते. जॉन लेटन यांचे १९६१ साली पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे याच खोल्यांतून निघाले आणि त्यामागे हेच वादक होते. अमेरिकेचा पियानोवादक जेरी ली लुईस इंग्लंडच्या दौऱ्यावर आला, तेव्हा साथीला आउटलॉज होते. चास रोज रात्री खर्जाची गिटार वाजवीत असे आणि नजर मात्र लुईसच्या बोटांवर ठेवीत असे. गुरूने शिष्याला शिकवले नाही. शिष्याने पाहून घेतले. त्यानंतर क्लिफ बेनेट यांच्या ‘रेबेल राउझर्स’मध्ये तो गेला. १९६६ साली बीटल्सच्या जर्मनी दौऱ्यात हा वाद्यवृंद त्यांच्यासोबत होता, आणि पॉल मॅकार्टनी यांनी निर्मिती केलेले त्यांचे एक गाणे ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

पेढीचे मूळ चालक मात्र टोनी कोल्टन आणि रे स्मिथ हे होते. दोघे मिळून गाणी रचीत. ‘बिग टाइम ऑपरेटर’ हे त्यांचे गाणे झूट मनी यांनी १९६६ साली गायले. ‘आय स्टँड अक्यूज्ड’ हे त्यांचेच दुसरे गाणे. कोल्टन यांना ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीचीही जाण होती. ‘टेस्ट’ या आयरिश वाद्यवृंदाच्या आणि ‘यस’ या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वाद्यवृंदाच्या १९७० मधील ‘टाइम अँड अ वर्ड’ या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती त्यांनी केली. तालवाद्यांची बाजू पीट गॅव्हिन यांच्याकडे होती. सहावे माइक ओनील यांनी १९६१ च्या सुमारास रोमन योद्ध्यांच्या वेषात ‘नीरो अँड द ग्लॅडिएटर्स’ हा वाद्यवृंद चालवला होता आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातील धून नव्या ढंगात वाजवून लोकांना जिंकले होते.

म्हणजे सहाही जण अनुभवी होते. कोणी नवशिका नव्हता. व्यापारी भाषेत सांगायचे तर प्रत्येकाने दुसऱ्याच्या दुकानात दहा-दहा वर्षे काम करून मग स्वतःचे दुकान काढले होते.

तीन तबकड्या

पहिली ध्वनिमुद्रिका १९७१ मध्ये आली. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने ती दोन तबकड्यांच्या संचात काढली. इंग्लंडमध्ये आयलंड कंपनीने त्यातील निवडक गाण्यांची एकच तबकडी बाजारात आणली. एकच माल दोन बाजारांत दोन आकारांत विकला गेला. १९७२ मध्ये ‘ट्रॅक्स’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तिसरी ‘ओल्ड सोल्जर्स नेव्हर डाय’, म्हणजे ‘जुने शिपाई मरत नाहीत’, १९७३ मध्ये अटलांटिक कंपनीने प्रसिद्ध केली. ती दुकानांत पोहोचली, तेव्हा वाद्यवृंद विसर्जित झालेला होता. शेवटचा माल विक्रीला लागला आणि पेढीला कुलूप होते, अशी ती स्थिती.

जाणकारांनी वादनाची वाखाणणी केली. इतर वादक या सहा जणांना ऐकायला येत. परंतु मोठी विक्री झाली नाही. गुणवत्ता आणि खप यांचे नाते सरळ नसते, हे बाजारात बसणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. उत्तम माल असूनही दुकान न चालण्याची कारणे अनेक असतात. गिऱ्हाइकाला दुकानाची ओळख एका वाक्यात सांगता यावी लागते. येथे सहा कुशल माणसे अनेक दिशांना ओढ घेत होती. कधी ग्रामीण अमेरिकी ढंग, कधी रॉकचा दणका, कधी संथ गीते. प्रत्येक दालन उत्तम होते, परंतु दुकान कशाचे, हे पाटी वाचून कळत नव्हते.

येथून पुढची हकिगत अधिक महत्त्वाची आहे. भागीदारी मोडली की मनेही मोडतात, असा अनुभव अनेक घरांना असतो. माल, गुदाम, येणे-देणे यांची वाटणी होते. नावावरून तंटे होतात. सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावीत नाहीत. या वाद्यवृंदाच्या बाबतीत तसे घडले नाही. वाद्यवृंद मोडला, त्यानंतर जानेवारी १९७३ मध्ये जेरी ली लुईस लंडनमध्ये ध्वनिमुद्रणासाठी आले. तेथे अल्बर्ट ली आणि चास हॉजेस दोघेही साथीला होते. दुकान बंद झाले होते. परंतु एकमेकांची पत शाबूत होती.

परदेशात गेलेला भागीदार

अल्बर्ट ली यांनी उसना सूर अखेरपर्यंत सोडला नाही. जे अमेरिकेचे होते ते मुळापासून शिकण्यासाठी ते अमेरिकेतच गेले. ज्या बडी हॉलीमुळे त्यांनी गिटार उचलली होती, त्या हॉलीच्या मागे राहिलेल्या ‘क्रिकेट्स’ या वाद्यवृंदात ते काही काळ वाजवू लागले. पुढे लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. १९७६ मध्ये गायिका एमिलू हॅरिस यांच्या ‘हॉट बँड’मधून जेम्स बर्टन हे गिटारवादक बाहेर पडले. बर्टन हे ली यांचे तरुणपणापासूनचे आदर्श. त्या रिकाम्या जागी ली यांची निवड झाली. एका इंग्रजाने अमेरिकी ग्रामीण संगीताच्या अव्वल वाद्यवृंदात, आपल्याच आदर्शाच्या खुर्चीवर बसणे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य थोडे समजून घेण्यासारखे आहे. गिटार वाजवताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक लहानशी पट्टी धरतात आणि तिने तार छेडतात. ली पट्टीबरोबर उरलेल्या बोटांनीही तारा उचलतात; त्यामुळे एकाच हातातून दोन वादकांचा भास होतो. विजेच्या उपकरणाने प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी अशा मापाने परत आणायचा की तो पुढच्या दोन स्वरांच्या मधल्या जागेत बरोबर बसावा, अशीही त्यांची एक युक्ती आहे. त्यांच्या काही गिटारींत असे यंत्र बसवलेले असते की खांद्यावरचा पट्टा जरा ओढला की एक तार एका स्वराने वर चढते. आपल्याकडील श्रोत्याला ती सतारीच्या मींडेची आठवण करून देईल. हे सारे इतक्या वेगात घडते की ‘टेलिकास्टर’ जातीच्या गिटारवरून त्यांना ‘मिस्टर टेलिकास्टर’ हेच नाव पडले.

पुढे सुमारे पाच वर्षे ते एरिक क्लॅप्टन यांच्या वाद्यवृंदात होते. डिसेंबर १९७९ मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात झालेल्या कार्यक्रमाची पुढे ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात ली यांची साथ ऐकू येते. क्लॅप्टन स्वतः गिटारवादनातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. त्यांच्या शेजारी उभे राहून, त्यांना झाकोळून न टाकता आणि स्वतःही न झाकोळता वाजवणे, ही संयमाची परीक्षा होती.

याहून हृद्य प्रसंग एव्हरली बंधूंचा. डॉन आणि फिल एव्हरली हे दोन सख्खे अमेरिकी भाऊ. लहानपणापासून एकत्र गाणारे. दोघांचे आवाज एकमेकांत इतके मिसळत की श्रोत्यांना एकच कंठ वाटावा. जुलै १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कार्यक्रमात मंचावरच बेबनाव झाला, फिल यांनी गिटार आपटली आणि ते निघून गेले. त्यानंतर दहा वर्षे दोघा भावांनी एकत्र गायन केले नाही. त्या काळात ली यांनी डॉन यांच्यासोबत वादन केले आणि त्यांच्याशी मैत्री जोडली. सप्टेंबर १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोघे भाऊ पुन्हा एकत्र मंचावर आले, तेव्हा त्यांच्या मागे गिटार घेऊन अल्बर्ट ली उभे होते. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ते या भावांच्या दौऱ्यांत वाजवीत राहिले. दोन भावांच्या मध्ये उभे राहणारा, कोणाचीही बाजू न घेता दोघांचाही सूर सांभाळणारा माणूस प्रत्येक कुळात लागतो. तो बहुधा घरचा नसतो, आणि म्हणूनच उपयोगी पडतो.

२००२ साली बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्यासोबतच्या वादनासाठी ली यांना इतर वादकांसह ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जॉर्ज हॅरिसन यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातही ते होते.

घरी परतलेला भागीदार

चास हॉजेस यांची वाट नेमकी उलटी गेली. वाद्यवृंदासोबत अमेरिकेचा दौरा करीत असताना त्यांना एक गोष्ट टोचू लागली. इंग्लंडमध्ये अमेरिकी उच्चारात गाताना कोणाला काही वाटत नसे. सगळेच तसे गात. परंतु खुद्द अमेरिकी श्रोत्यांसमोर उभे राहून त्यांच्याच उच्चारांची नक्कल करून गाणे हे चास यांना खोटे वाटू लागले. त्या लोकांना त्यांचाच माल आणून विकण्यासारखे ते होते, आणि त्यांच्याकडे तो अधिक अस्सल होता. आपल्या आवाजात, आपल्या गल्लीच्या बोलीत, आपल्या घरातील गोष्टी का गाऊ नयेत, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला.

पेढीतून बाहेर पडलेल्या माणसाने असा प्रश्न विचारणे धोक्याचे असते. वय तिशीच्या घरात आलेले, घरी संसार, गाठीला मोठी पुंजी नाही. चालू बाजार अमेरिकी उच्चाराचा. लंडनच्या पूर्व आणि उत्तर भागांतील कष्टकऱ्यांच्या ‘कॉकनी’ बोलीला सभ्य समाजात मान नव्हता; विनोदी नटांनी ती वापरावी एवढेच तिचे स्थान. तरी चास यांनी जुने मित्र डेव्ह पीकॉक यांना सोबत घेऊन ‘चास अँड डेव्ह’ ही नवी जोडी उभी केली. १९७५ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ‘वन फिंग एन अनव्हर’. शुद्ध इंग्रजीत ‘थिंग’ असा जो शब्द, तो लंडनच्या गल्लीत ‘फिंग’ होतो. त्यांनी मुखपृष्ठावर तो तसाच छापला. बोलीची लाज त्यांनी पाटीवरच पुसून टाकली.

सूर मात्र त्यांनी टाकला नाही. स्किफल, जेरी ली लुईस यांचा पियानो, मद्यगृहातील समूहगाणी आणि रॉक यांचा मेळ घालून त्यांनी जे केले त्याला ‘रॉकनी’ असे नाव पडले. ‘रॉक’ आणि ‘कॉकनी’ यांचा तो संकर. चास आता पियानोवर बसले. ते वाद्य आईचे होते. अमेरिकेतील प्रवास करून ते जेथे पोहोचले, ती जागा एडमंटनमधील त्यांच्या आईच्या पियानोजवळच होती.

यश हळूहळू आले. १९७९ मध्ये ‘गर्चा’ हे गाणे ब्रिटनमध्ये विसाव्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी नेबवर्थ येथील लेड झेपेलिन यांच्या महाकाय मैफलीत या जोडीने आधी गाणी सादर केली. पुढे बायकोच्या अखंड बोलण्यावरचे ‘रॅबिट’ हे गमतीचे गाणे आठव्या क्रमांकावर पोहोचले. १९८२ मध्ये ‘एन्ट नो प्लीझिंग यू’ दुसऱ्या क्रमांकावर गेले. हे गाणे विनोदी नव्हते. कितीही केले तरी समाधान न होणाऱ्या जोडीदाराला सोडून जाणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे. ते ऐकल्यावर या जोडीला केवळ विदूषक समजणाऱ्यांनी मत बदलले. टॉटनहॅम फुटबॉल संघासाठी त्यांनी केलेली गाणी मैदानावरील हजारो लोक म्हणू लागले. इंग्लंडमध्ये असे घर क्वचितच असेल, ज्याने ही गाणी ऐकली नाहीत. इंग्लंडबाहेर ती फारशी पोहोचली नाहीत. चास यांना त्याची खंत दिसली नाही.

१९८२ च्या नाताळात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर चास अँड डेव्ह यांचा खास कार्यक्रम झाला. पाहुणे म्हणून एरिक क्लॅप्टन आले होते आणि सोबत अल्बर्ट लीही. दहा वर्षांपूर्वी एका पेढीवर बसणारे दोन भागीदार, आता दोन निराळ्या दुकानांचे मालक, एका मंचावर वाजवीत होते.

२००९ मध्ये डेव्ह पीकॉक यांच्या पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी मंच सोडला. चास यांनी जोडीदार बदलून जुने नाव चालवले नाही. स्वतःच्या नावाने वेगळा वाद्यवृंद काढला. काही काळानंतर डेव्ह परत आले आणि जोडी पुन्हा गाऊ लागली. २२ सप्टेंबर २०१८ रोजी चास हॉजेस यांचे निधन झाले. वय ७४.

एका गाण्याची मिळकत

या कथेत हिशेबाचा एक भाग राहिला आहे आणि तो व्यापारी वाचकाला अधिक रुचेल. संगीताच्या धंद्यात कमाईचे दोन प्रकार आहेत. ध्वनिमुद्रणाला बसणाऱ्या वादकाला बैठकीचे ठरलेले मानधन मिळते आणि व्यवहार तेथे संपतो. ज्याच्या नावावर रचना नोंदलेली असते, त्याला मात्र ती रचना पुढे कोणीही वापरली तरी वाटा मिळत राहतो. पहिली मजुरी, दुसरी मालमत्ता.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘कंट्री बॉय’ नावाचे एक वेगवान गाणे होते. रचनाकार म्हणून कोल्टन, स्मिथ आणि ली अशी तीन नावे नोंदली गेली. त्या वेळी त्याने मोठा गल्ला जमवला नाही. १९७९ मध्ये ली यांनी स्वतःच्या ‘हायडिंग’ या ध्वनिमुद्रिकेत ते पुन्हा वाजवले. नंतर केंटकी राज्यातील रिकी स्कॅग्ज या गायकाने ते घेतले. स्कॅग्ज हेदेखील एमिलू हॅरिस यांच्या हॉट बँडमधून पुढे आलेले. त्यांच्या आवाजातील ‘कंट्री बॉय’ १९८५ मध्ये अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. लंडनमध्ये रचलेले खेड्यातील मुलाचे गाणे, खऱ्या खेड्यातील मुलाने चौदा वर्षांनी शिखरावर नेले. बंद झालेल्या पेढीच्या गुदामातील एक गाठोडे एवढ्या वर्षांनी उघडले गेले आणि त्याला भाव आला. रचना नोंदवताना नावे स्पष्ट लिहिलेली होती, म्हणून तिघांनाही त्याचा लाभ मिळाला.

याची दुसरी बाजू चास यांच्या वाट्याला आली. १९७५ च्या सुमारास लॅबी सिफ्रे या गायकाच्या ‘आय गॉट द’ या गाण्यासाठी चास आणि डेव्ह यांनी गिटार व खर्जाची साथ केली होती. १९९९ मध्ये अमेरिकी रॅप गायक एमिनेम यांच्या ‘माय नेम इज’ या गाण्यात त्याच वादनाचा तुकडा वापरला गेला आणि तो जगभर गाजला. परवानगी देण्याचा अधिकार रचनाकार सिफ्रे यांचा होता. त्यांनी आक्षेपार्ह ओळी बदलल्याशिवाय ती दिली नाही. वाजवणाऱ्यांची बोटे साऱ्या जगाने ऐकली, परंतु मालकी रचनाकाराची. घरातील तरुण मुलगा नव्या व्यवसायात कोणाशी करार करीत असेल, तर मजुरी आणि मालमत्ता यांतील हा फरक त्याला सही करण्याआधी सांगून ठेवावा.

बाकीचे भागीदारही रिकामे बसले नाहीत. पीट गॅव्हिन यांनी ‘विनेगर जो’ या वाद्यवृंदात तालवाद्ये सांभाळली. रॉबर्ट पामर आणि एल्की ब्रूक्स हे पुढे नामवंत झालेले गायक त्याच वाद्यवृंदातले. कोल्टन आणि स्मिथ यांचे जुने ‘आय स्टँड अक्यूज्ड’ हे गाणे १९८० मध्ये एल्विस कॉस्टेलो यांनी नव्याने गायले आणि नव्या पिढीच्या कानांवर गेले.

ताळेबंद कोणी मांडायचा

घरात दोन मुले असतात. एकाला बाहेरच्या जगाची विद्या मुळापासून शिकायची असते. तो जातो, तेथील लोकांइतकाच त्या विद्येत मुरतो, तेथेच घर करतो. दुसरा बाहेर जाऊन येतो आणि म्हणतो, आपल्या गल्लीतले, आपल्या बोलीतले काही करू. वडिलांना वाटते, दोघांपैकी एकाचे चुकते आहे. अल्बर्ट ली आणि चास हॉजेस यांच्याकडे पाहिले तर तसे म्हणवत नाही. ली यांनी उसने घेतलेले इतक्या निष्ठेने जोपासले की मूळ मालकांनीच त्यांना आपले मानले. हॉजेस यांनी उसने परत केले आणि घरातला पियानो उघडला. दोघांनीही नक्कल टाकली. एकाने अस्सल होईपर्यंत शिकून, दुसऱ्याने आपल्याकडे वळून.

आणि ती तीन तबकड्यांची पेढी? विक्रीच्या वहीत पाहिले तर तोट्याची. परंतु तिच्यात अल्बर्ट ली यांना ते गाणे मिळाले, जे आजही त्यांची ओळख आहे. आणि चास हॉजेस यांना तो प्रश्न पडला, ज्याच्या उत्तरावर त्यांचे सारे आयुष्य उभे राहिले. ही पेढी निघाली नसती तर ली यांना गाणे आणि हॉजेस यांना प्रश्न कदाचित सापडलाच नसता. म्हणून येत्या दिवाळीत माळ्यावरची पाटी खाली उतरेल आणि एखादे लहान मूल ‘हे दुकान चालले नाही का?’ असे विचारेल, तेव्हा आजोबांनी घाईने उत्तर देऊ नये. मुलाला जवळ बसवून, त्या दुकानात कोण कोण बसत होते आणि ते पुढे कोठे गेले, ते सविस्तर सांगावे.